जुने होणारे पान आधी वेगळे काढा

वाचकाचे पत्र

नमस्कार दादा,

मी आणि माझा भाऊ हातअवजारांचा छोटा कारखाना चालवतो. पहिल्यांदाच नीट कॅटलॉग छापायचा आहे. ए-४ आकार, आत २४ पाने, वर जाड कव्हर, मधोमध पिन. एकूण १००० प्रती, त्यातल्या ७०० एका भाषेत आणि ३०० दुसऱ्या भाषेत. कव्हरवर आमचा गडद निळा रंग पानभर आहे. शेवटची ४ पाने दरपत्रकाची, ते दर तीन महिन्यांनी बदलतात. शिवाय आमचे दीडशेच्या आसपास विक्रेते आहेत आणि प्रत्येकाला कॅटलॉगवर आपले नाव-पत्ता हवा आहे. एक प्रेसवाले म्हणतात, ऑफसेटच करा, आणि हजाराऐवजी तीन हजार घ्या, फारसा फरक पडणार नाही. दुसरे म्हणतात, ऑफसेटचे दिवस गेले, सगळे डिजिटलवर करू. भाऊ म्हणतो, डिजिटल म्हणजे रंगीत झेरॉक्स, त्यात दम नाही. प्रदर्शनाला बारा दिवस उरलेत. कुणाचे ऐकू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दर तीन महिन्यांनी बदलतात. माझा निर्णय तिथूनच सुरू होतो. दोन्ही प्रेसवाल्यांनी तुम्हाला आधी ‘नग किती?’ असे विचारले असणार. मी आधी विचारेन, छापलेले किती दिवस खरे राहणार?

तुमच्या कॅटलॉगमध्ये तीन निरनिराळ्या आयुष्यांचा मजकूर एकत्र आला आहे. अवजारांची छायाचित्रे, मापे, वापरायची पद्धत हे दोन-तीन वर्षे सहज चालेल. अवजारांचे भाव फक्त तीन महिने चालतील. आणि विक्रेत्याचे नाव त्या एका विक्रेत्याच्या गठ्ठ्यापुरतेच खरे. हे तिन्ही एकाच पिनेत अडकवले, तर सगळ्या कॅटलॉगचे आयुष्य तीन महिन्यांचे होते, आणि प्रती तर दीडशे प्रकारच्या कराव्या लागतात. अशा अवस्थेत ‘ऑफसेट की डिजिटल’ हा प्रश्न सुटतच नाही, कारण कामाचा एक तुकडा एका मशीनकडे ओढतो आणि दुसरा दुसऱ्या मशीनकडे.

म्हणून आधी दरपत्रक बाहेर काढा. ए-३ ताव मधोमध दुमडला की ए-४ ची चार पाने होतात. तेच तुमचे दरपत्रक, कॅटलॉगच्या आत सुटे ठेवायचे. विक्रेत्याचे नाव-पत्ताही कव्हरवरून काढून या दरपत्रकाच्या पहिल्या पानावर, ठळक, वरच्या बाजूला घ्या. आता जे बदलते ते सगळे एका तावावर आले. तो ताव डिजिटलवर छापा. उरलेली २० पाने आणि कव्हर ऑफसेटवर. प्रती १०००, तीन हजार नाहीत. हा माझा सल्ला. तो का, ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे प्रेसवाल्यांशी बोलताना तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही.

ऑफसेटमध्ये खर्च कुठे होतो ते आधी समजून घ्या. प्रत्येक रंगाची एक ॲल्युमिनियमची प्लेट बनते. सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा अशा चार. प्लेटवर जिथे चित्र किंवा अक्षर आहे तो भाग तेलकट शाई धरतो, बाकीचा भाग पाणी धरतो आणि शाईला दूर ठेवतो. प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. ही पद्धत वेगाने चालायला बनली आहे, मशीन ताशी दहा हजार ताव किंवा त्याहून जास्त काढते. पण चांगला पहिला ताव हातात येण्याआधी प्लेटा चढवाव्या लागतात, शाई आणि पाण्याचा तोल बसवावा लागतो, चारही रंग एकमेकांवर नेमके आणावे लागतात. त्यात शे-दोनशे ताव वाया जातात, जुन्या मशीनवर त्याहून जास्त. तुमच्या हजार प्रतींसाठी एका फर्म्याची (एका मोठ्या तावावर एकत्र छापलेल्या पानांच्या संचाची) एक बाजू छापायला मशीनला सहा-सात मिनिटे लागतील, आणि त्या सहा मिनिटांसाठी तयारी अर्धा तास चालेल. तुम्ही पैसे मुख्यतः त्या अर्ध्या तासाचे देता. डिजिटलमध्ये हा अर्धा तास जवळजवळ नाही. प्लेट नाही, पहिली प्रतच चांगली प्रत. पण तिथे प्रत्येक पानाचा ठरावीक खर्च असतो आणि तो हजाराव्या प्रतीलाही तेवढाच राहतो. बहुतेक डिजिटल मशीनचे मालक मशीन बनवणाऱ्या कंपनीला दर छापामागे पैसे देतात, त्यामुळे ‘जास्त घेतो, कमी करा’ म्हटल्यावर ते फार खाली येऊ शकत नाहीत. ते अडून बसतात असे समजू नका, त्यांच्या हातात तेवढीच जागा असते.

आता हिशेब करू. आकडे नुसते समजण्यापुरते धरा. समजा डिजिटलवर एका प्रतीला १० एकक खर्च येतो. ऑफसेटवर तयारीलाच ३००० एकक लागतात आणि नंतर दर प्रतीला ४. एका प्रतीमागे फरक ६ चा. ३००० भागिले ६, म्हणजे ५०० प्रतींवर दोघे बरोबरीत येतात. त्याच्या खाली डिजिटल स्वस्त, वर ऑफसेट. तुमच्या दोन कोटेशनमधून हा आकडा तुम्ही स्वतः काढू शकता. दोघांनाही ५०० आणि १००० अशा दोन संख्यांचे दर मागा. ऑफसेटवाल्याच्या दोन दरांतल्या फरकाला ५०० ने भागले की पुढच्या प्रतीचा खरा खर्च कळतो. तो हजाराने गुणून एकूण दरातून वजा केला की तयारीचा खर्च उघडा पडतो. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर बोलणी फार सरळ होतात.

पण इथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात. प्रती मोजतात, मोजायला हवेत ताव. एका प्लेटसंचावर किती ताव धावणार, यावर ऑफसेट परवडणे ठरते. व्हिजिटिंग कार्डाचे उदाहरण घ्या. एका तावावर २४ कार्डे बसली तर हजार कार्डांना जेमतेम ४२ ताव लागतात. ४२ तावांसाठी चार प्लेटा आणि दोनशे तावांचे वेस्टेज, हे कुणालाच परवडत नाही, म्हणून हजार कार्डे बेधडक डिजिटलवर करावीत (किंवा दुसऱ्या पाच-सहा जणांच्या कार्डांबरोबर एकाच तावावर जाऊ द्यावीत). तुमच्या कॅटलॉगचे तसे नाही. मध्यम आकाराच्या मशीनवर तावाच्या एका बाजूला ए-४ ची चार पाने बसतात, दोन्ही बाजू मिळून आठ पानी फर्मा. हजार प्रतींना प्रत्येक फर्म्याचे हजार ताव लागतील. संख्या तीच, हजार, पण काम अगदी वेगळे. आणि पाने वाढली म्हणून डिजिटल महाग होईल किंवा स्वस्त होईल, असेही नसते. पाने दुप्पट झाली तर प्लेटाही दुप्पट होतात आणि डिजिटलचे छापेही, त्यामुळे बरोबरीचा आकडा जवळपास तिथेच राहतो.

दरपत्रक बाहेर काढल्याचा फायदा इथेही दिसतो. २४ पानांना आठ पानी तीन फर्मे, प्रत्येकाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार प्लेटा, म्हणजे २४ प्लेटा. २० पानांना दोन पूर्ण फर्मे आणि एक अर्धा. अर्ध्या फर्म्याची चारही पाने एकाच प्लेटसंचावर घेऊन, ताव उलटून तोच संच दुसऱ्या बाजूला मारतात आणि मग ताव मधोमध कापतात. एका तावातून दोन प्रतींची पाने निघतात. म्हणजे प्लेटा २० आणि तेवढी एक तयारी कमी. कव्हरही तसेच, उलटून, चार प्लेटांत. एकूण २४. प्रेसवाल्याने जास्त प्लेटा लावल्या असतील तर शांतपणे विचारा की अर्धा फर्मा उलटून का घेत नाही. मशीनच्या आकारामुळे कधी कधी खरेच कारण असते, ते ऐकून घ्या.

दोन भाषांचे काय? इथे ऑफसेट तुम्हाला सुखद धक्का देईल, पण फक्त फाइल नीट बनवली तर. सगळा मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवा. निळी शीर्षके नकोत, रंगीत चौकटीत कोरलेली पांढरी अक्षरे नकोत. मग दोन्ही भाषांसाठी छायाचित्रांच्या सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या प्लेटा त्याच राहतात, बदलते फक्त काळी. मशीनवाला ७०० ताव काढतो, थांबतो, काळी प्लेट बदलतो आणि उरलेले ३०० काढतो. दुसऱ्या भाषेसाठी आणखी २४ प्लेटांऐवजी ६ पुरतात. डिझायनरला हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण पाने मांडून झाल्यावर हे करायला घेतले तर सगळे नव्याने करावे लागते. छायाचित्रे दोन्ही आवृत्त्यांत तसूभरही हलता कामा नयेत. एका भाषेतला मजकूर दुसरीत लांबतो, म्हणून प्रत्येक मजकुराच्या चौकटीत सुरुवातीलाच मोकळी जागा सोडा.

मजकूर नुसत्या काळ्यात ठेवायचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार जवळचे आहे. देवनागरीत अर्थ बारीक खुणांवर उभा असतो. अनुस्वार, रफार, नुसता एक काना. काळा रंग चार शायांचा मिळून बनवला आणि मशीनवर रंग केसभर सरकले, की लहान अक्षरांभोवती रंगीत सावली येते आणि अनुस्वार पुसट ठिपका होऊन बसतो. फोटोच्या संगणकी रंगांतून छपाईच्या रंगांत फाइल बदलताना काळा मजकूर नकळत चार रंगांचा होतो, हे मी अगणित वेळा पाहिले आहे. छापायला देण्याआधी डिझायनरकडून प्रत्येक पानाची फक्त काळी प्लेट पडद्यावर बघून घ्या. सगळा मजकूर तिथे पूर्ण दिसला पाहिजे, आणि बाकीच्या तीन प्लेटांवर त्याचा मागमूस नको.

तीन हजार प्रतींबद्दल. प्रेसवाले खोटे बोलत नाहीत, पुढच्या दोन हजारांना खरेच कमी पैसे पडतात, कारण तयारीचा खर्च आधीच झालेला असतो. पण स्वस्त प्रत आणि वापरली गेलेली प्रत यांत फार अंतर आहे. मी छपाईच्या कामात नवा होतो तेव्हा याच हिशेबाला भुलून एका कामात दोन हजारांऐवजी पाच हजार प्रती घ्यायला लावल्या होत्या. आठ महिन्यांत दूरध्वनी क्रमांक बदलला आणि दोन वस्तू बंद झाल्या. काही आठवडे आम्ही बसून हाताने चिकटपट्ट्या लावल्या, मग थकलो, आणि निम्म्याहून अधिक गठ्ठे रद्दीत गेले. तो निर्णय माझा होता, आणि त्यानंतर मी एकूण खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागत नाही, खरोखर वाटल्या गेलेल्या प्रतींनी भागतो. तुमचा हा पहिलाच कॅटलॉग आहे. विक्रेते काय म्हणतील, कोणते छायाचित्र फसले, कोणती माहिती राहून गेली, हे पहिल्या हजारांतच कळेल. त्यानंतरची आवृत्ती सुधारून काढता येईल. तीन हजार आजच घेतल्या तर ती संधी गोदामात अडकते.

भावाला सांगा, त्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण जुने आहे. डिजिटल छपाईची एक मोठी शाखा खरोखर झेरॉक्सच्या तत्त्वावर उभी आहे. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये विद्युतभार आणि कोरडी भुकटी वापरून पहिली प्रत काढली, त्याच कल्पनेची नात म्हणजे आजची टोनरची, म्हणजे त्या कोरड्या भुकटीची, मशीन. पण १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या इपेक्स या छपाई प्रदर्शनात इंडिगो कंपनीने रंगीत डिजिटल मशीन आणले, त्यात कोरड्या भुकटीऐवजी द्रवरूप शाई होती, आणि ती ऑफसेटसारखीच आधी ब्लँकेटवर उतरून मग कागदावर जाते. अशा मशीनवरची छायाचित्रे चांगल्या आर्ट पेपरवर ऑफसेटच्या शेजारी ठेवली, तर सरावलेल्या नजरेलाही क्षणभर थांबावे लागते. म्हणून ‘डिजिटलवर छापतो’ एवढे ऐकून काही कळत नाही. कोणते मशीन, टोनर की द्रव शाई की इंकजेट, हे विचारा आणि तुमच्याच पानाचा नमुना मागा. आणि ऑफसेटचे दिवस गेले म्हणणाऱ्यांना हजार प्रतींच्या कॅटलॉगचे दोन्ही दर शेजारी ठेवून दाखवा.

मग कव्हर मी डिजिटलवर का नको म्हणतो? कारण तुमचा निळा. पानभर गडद सपाट रंग ही प्रत्येक मशीनची परीक्षा असते. टोनरच्या मशीनवर त्यात बारीक पट्टे किंवा ढगाळपणा दिसण्याचा धोका असतो. त्यावर मॅट लॅमिनेशन केले तर काही वेळा फिल्म आणि टोनर यांच्यामध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राहतात आणि गडद रंगावर चंदेरी झाक येते. डिजिटल छपाईसाठीची जास्त चिकट फिल्म मिळते, पण ती वापरणार आहेत का, हे तुम्हाला विचारावे लागेल. शिवाय कव्हर दुमडते. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, त्यामुळे घडीवर तडकतो आणि निळ्या पाठीवर पांढरी रेघ उमटते. ऑफसेटच्या कव्हरलाही जाड कागद असेल तर घडीआधी क्रीजिंग (घडीच्या रेषेवर खाच दाबणे) हवेच, आणि कागदाचे तंतू घडीच्या दिशेने असायला हवेत, नाहीतर तिथेही तडा जातो.

निळा रंग चार रंगांतून मिळवायचा असेल तर एक सूत्र लक्षात ठेवा: सायन आणि मॅजेंटा यांच्यात किमान ३० टक्क्यांचे अंतर असू द्या. सायन १०० आणि मॅजेंटा ९० केलेत की पडद्यावर निळा दिसणारा रंग कागदावर जांभळा उतरतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तो निळा स्वतंत्र, आधीच मिसळलेल्या शाईने छापणे, ज्याला प्रेसमध्ये स्पॉट कलर म्हणतात. पॅन्टोनची रंगपद्धती १९६३ पासून आहे, तिच्या छापील पुस्तिकेतला क्रमांक ठरवलात की दर वर्षी, कुठल्याही प्रेसमध्ये तोच निळा मागता येतो. त्यात कोरलेली पांढरी अक्षरेही स्वच्छ निघतात, कारण सरकायला दुसरी शाईच नसते. कव्हरवर छायाचित्र नसेल, तर निळा आणि काळा अशा दोनच रंगांत ते छापता येईल, प्लेटा निम्म्या होतील आणि रंग अधिक भरीव दिसेल. छायाचित्र हवेच असेल तर निळ्याची प्लेट पाचवी होईल, आणि मशीन चारच रंगांचे असेल तर ताव दुसऱ्यांदा घालावा लागेल. ते दरात धरले आहे का, ते पाहा. मी तुमच्या जागी असतो तर कव्हर दोन रंगांचेच केले असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गडद रंगावरच्या साध्या मॅट लॅमिनेशनवर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच दिसतात. तुमचा कॅटलॉग अवजारांच्या दुकानात, काउंटरवर, तेलकट हातांत फिरणार. ओरखड्यांना टिकणारी मॅट फिल्म मिळाली तर उत्तम, नाहीतर सरळ ग्लॉस करा.

आता दरपत्रक. ते डिजिटलवर इतके चपखल बसते की त्यासाठीच ते मशीन बनले असावे असे वाटते. डिजिटल मशीनचा नेहमीचा ताव १३ × १९ इंचांचा असतो, त्यावर ए-३ ब्लीडसकट (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेल्या रंगासकट) बसतो. प्रत्येक तावावर वेगळे नाव छापले तरी मशीनचा वेग किंवा खर्च बदलत नाही. दीडशे विक्रेत्यांना प्रत्येकी पाच धरले तर ७५० ताव नावांचे, आणि प्रदर्शनासाठी २५० बिननावाचे. केवळ काळ्या शाईत ठेवलेत तर छापामागचा खर्च रंगीतपेक्षा बराच कमी पडतो, आणि दरपत्रकाला काळे पुरते. तीन महिन्यांनी दर बदलले की एवढेच पुन्हा छापायचे, कॅटलॉगला हात लावायचा नाही.

नावांच्या यादीवर मात्र तुम्ही स्वतः बसा. यादी एक्सेलमध्ये, एका ओळीत एक विक्रेता, नाव एका रकान्यात, पत्ता दुसऱ्यात, भाषा तिसऱ्यात. टंक युनिकोडमधलाच वापरा, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली नावे मशीनकडे गेल्यावर जोडाक्षरे मोडतात. आणि नमुना म्हणून पहिले नाव पाहू नका. यादीतले सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब पत्ता छापून मागा. ते जागेत बसले तर बाकीचे बसतील. विक्रेत्याला स्वतःचे नाव चुकलेले दिसले, तर कॅटलॉग कितीही देखणा असला तरी त्याच्या मनातून उतरतो.

कुणी असेही सुचवेल की कव्हरच्या मागे कोरी जागा सोडून ऑफसेटवर छापा आणि नावे नंतर डिजिटल मशीनवर उमटवा. हे करता येते, पण आधी चाचणी हवी. टोनर पक्का करायला मशीनमध्ये दोनशे अंश सेल्सियसच्या जवळपास उष्णता लागते, तिथे आधीची ऑफसेटची शाई मऊ पडू शकते. ऑफसेटचे ताव एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फवारलेली पावडर डिजिटल मशीनमध्ये जाते, ते मालकाला चालत नाही. लॅमिनेशनवर तर टोनर धरतच नाही. तुमच्या बारा दिवसांत हा खेळ खेळू नका.

बारा दिवस पुरतात का? पुरतात, फाइल आज-उद्यात पक्की झाली तर. दोन दिवस फाइल आणि प्रूफ (तपासायची नमुना प्रत), एक दिवस प्लेटा आणि छपाई, मग निळ्या कव्हराला लॅमिनेशनआधी किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यायचे. गडद शाई ओली असताना घाई केली की ती पुढच्या तावाच्या पाठीला लागते. त्यानंतर घडी, फर्मे एकात एक घालणे, पिन, कटिंग, यांना दोन-तीन दिवस. दोन दिवस हाताशी राखून ठेवा. डिजिटलवर सगळे लगेच होते असे म्हणतात, पण तुमची मूळची २८ पाने, कव्हर धरून, हजार प्रतींना २८ हजार छापे होतात. मिनिटाला शंभर पाने काढणारे मशीनही त्याला पावणेपाच तास घेईल, आणि घडी-पिन-कटिंग तर दोन्हीकडे तेवढेच. दरपत्रक शेवटच्या तीन दिवसांत द्या, म्हणजे दर ठरवायलाही तुम्हाला वेळ मिळेल. आणि समजा फाइल चार-पाच दिवस लांबली, तर घाबरून अर्धवट काम ऑफसेटवर चढवू नका. प्रदर्शनापुरत्या दोनशे प्रती डिजिटलवर घ्या, कव्हर लॅमिनेशनशिवाय, आणि उरलेले काम नंतर निवांत ऑफसेटवर करा. दोनशेला तसेही डिजिटलच परवडते. दोन्हींच्या निळ्यात फरक दिसेल, तो तेवढ्यापुरता स्वीकारा.

प्रूफवर सही करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ऑफसेटच्या कामासाठी प्रेसने टोनरच्या मशीनवर काढलेली प्रत दिली, तर ती मजकूर आणि पानांचा क्रम तपासायला चांगली, रंग तपासायला नाही. रंगासाठी त्यांच्या मशीनशी जुळवलेले इंकजेट प्रूफ मागा आणि ते दिवसाच्या उजेडासारख्या ५००० केल्विनच्या दिव्याखाली पाहा. पिवळ्या दिव्याखाली तुमचा निळा काळपट दिसेल आणि तुम्ही उगाच बदलायला सांगाल. जमले तर कव्हर मशीनवर असताना स्वतः जा. पहिला ताव आवडला की त्यावर सही करा आणि मशीनवाल्याला त्याच्याशी जुळवत राहायला सांगा. डिजिटलच्या दरपत्रकाला हा खटाटोप नाही. त्याच मशीनवर, त्याच कागदावर काढलेली एक प्रत म्हणजेच प्रूफ.

फाइलचे बाकीचे नियम तुमच्या डिझायनरला माहीत असतील: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, छायाचित्रे छापायच्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), कटिंगच्या रेषेच्या फार जवळ मजकूर नको.

प्रेसकडे जाण्याआधी घरी एक काम करा. पाच कोरे ए-३ कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला, वरून सहावा कव्हरसाठी. पानांना पेन्सिलीने आकडे टाका, प्रत्येकावर कोणते अवजार येणार ते लिहा, आणि सातवा कागद दुमडून त्यावर ‘दरपत्रक’ लिहून आत सुटा ठेवा. ही डमी दोन्ही प्रेसवाल्यांसमोर ठेवा आणि दर त्यावर मागा: आतली २० पाने आणि कव्हर ऑफसेटवर, हजार प्रती, दोन भाषांसाठी काळ्या प्लेटांचे दोन संच, आणि सुटा ताव डिजिटलवर नावांसह. एकाकडे दोन्ही मशीन नसतील तर दोन ठिकाणी द्यायला हरकत नाही, मात्र दरपत्रकाचे ताव कॅटलॉगमध्ये घालून, विक्रेत्यांप्रमाणे गठ्ठे बांधून कोण देणार, हे त्याच दिवशी लिहून घ्या. ठरलेल्या संख्येपेक्षा थोड्या प्रती कमी-जास्त निघतात. कमी निघाल्या तर किती चालतील, तेही त्याच कागदावर असू द्या.